शिकागोचा महापौर: मतपत्रिकेवर पक्षच नाही, मग लोक निवडतात कशावरून?

मिशिगनकाठी

न्यूयॉर्कचे महापौर ममदानी यांच्यावर इथे धाग्यांमागून धागे निघाले. त्यात दोन-तीन ठिकाणी 'अमेरिकेत महापौर पक्षाच्या तिकिटावरच निवडून येतो' असं बिनधास्त ठोकून दिलेलं वाचलं, म्हणून हा वेगळा धागा. सगळ्यात मोठ्या नऊ शहरांपुरतं बोलायचं तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच वेगळे आहेत. लॉस एंजेलिस, शिकागो, ह्यूस्टन, फिनिक्स, सॅन अँटोनिओ, सॅन डिएगो, डॅलस या सगळ्या ठिकाणी महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. उमेदवारांची नुसती नावं, बाकी काही नाही.

मी शिकागोचा, म्हणून शिकागोबद्दल लिहितो. (नेपरव्हिल-शॉमबर्गसारख्या उपनगरांतल्या मंडळींनी आधीच हात वर करू नयेत. शिकागोच्या महापौरावर सगळ्यात तावातावाने तुम्हीच बोलता आणि मत तुम्हाला नाही.)

निवडणूक दर चार वर्षांनी, फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी. उभं राहायला साडेबारा हजार वैध सह्या लागतात. 'वैध' महत्त्वाचं, कारण प्रतिस्पर्ध्याचे वकील एकेक सही तपासून हरकती घेतात आणि काही उमेदवारांची मोहीम तिथेच आटोपते. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत एप्रिलमध्ये दुसरी फेरी.

२०२३ ला नऊ जण होते. पॉल व्हॅलस साधारण ३३ टक्के, ब्रँडन जॉन्सन २२ च्या जरा खाली, आणि खुर्चीवर असलेल्या लोरी लाइटफूट १७ टक्क्यांवर तिसऱ्या, म्हणजे घरी. लोकांनी निवडून दिलेला महापौर पुढची निवडणूक हरण्याचा प्रकार शिकागोत त्याआधी १९८३ ला झाला होता. ४ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत जॉन्सननी ५२-४८ असा विजय मिळवला.

गंमत अशी की २०१९ ला लाइटफूट पहिल्या फेरीत पहिल्या आल्या होत्या त्या साडेसतरा टक्क्यांवर. चौदा उमेदवार होते, मतं विखुरली. मग दुसऱ्या फेरीत ५० च्या ५० वॉर्ड जिंकून जवळजवळ ७४ टक्के मतं. सगळे म्हणाले, काय हा जनादेश! मला तेव्हाही वाटलं होतं आणि आता तर खात्रीच आहे की त्यांची स्वतःची मतं ती साडेसतरा टक्केच. उरलेली समोरच्या प्रेकविंकलबाई नकोत म्हणून पडलेली. चार वर्षांनी ती आपापल्या घरी परत गेली.

पक्षाचं नाव नसण्याचा फायदा होतो की तोटा, यावर लोकांनी लिहावं. माझं मत असं की पक्ष जात नाही, फक्त मतपत्रिकेवरून पुसला जातो. पण पन्नास टक्क्यांची अट मात्र फार मोलाची आहे.

शंकासुर

शिकागोत डेमोक्रॅट सोडून दुसरं निवडून येतंच कोण? शेवटचा रिपब्लिकन महापौर १९३१ साली पायउतार झाला. मग पक्षाचं नाव लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय.

मिशिगनकाठी

@शंकासुर, तेच तर. दोघंही डेमोक्रॅट, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. व्हॅलस पूर्वी शिकागोच्या शाळांचे प्रमुख, पुढे फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्सच्या शाळा सांभाळलेले. २०२३ ला पोलिसांची संघटना त्यांच्यामागे. जॉन्सन माजी शिक्षक, शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते, पैसा आणि माणसं त्याच संघटनेची. म्हणजे लढत पोलिसांची युनियन विरुद्ध शिक्षकांची युनियन. बाहेरचे डेमोक्रॅट नेतेही फुटले. सिनेटर डर्बिन व्हॅलसकडे, बर्नी सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन जॉन्सनकडे.

आणि पक्षाचं नाव प्रचारात होतंच. व्हॅलस २००९ च्या एका मुलाखतीत 'मी डेमोक्रॅटपेक्षा रिपब्लिकनच जास्त' अशा अर्थाचं काही बोलून गेले होते. जॉन्सनच्या माणसांनी ती चित्रफीत उकरून काढली आणि टीव्हीवर इतकी चालवली की क्रिकेटच्या मॅचमध्ये पान मसाल्याची जाहिरात परवडली. मतपत्रिकेवर पक्ष नाही, म्हणूनच 'हा खरा आपला नाही' हे सांगायला एवढा खर्च करावा लागला.

टेक्सासमामा

मग आमच्या डॅलसचं ऐका. एरिक जॉन्सन (वरच्या जॉन्सनशी संबंध नाही) आधी टेक्सास विधानसभेत डेमोक्रॅट आमदार. मे २०२३ ला दुसऱ्यांदा महापौर झाले, मतपत्रिकेवर विरोधात कोणीच नाही. सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून जाहीर केलं की मी आता रिपब्लिकन! निवडणूक पक्षाविना, त्यामुळे 'आमच्या तिकिटावर आलात, राजीनामा द्या' असं म्हणायलाही सोय नाही. आपल्याकडे निदान पक्षांतरबंदीची केस तरी वर्षानुवर्षं चालते.

आडगावची

टेक्सासमामा, ती केस चालते आणि मुदत संपल्यावर निकाल लागतो, त्यामुळे फार हुरळून जाऊ नका.

हा विषय वाचताना मला सारखी आमची ग्रामपंचायत दिसतेय. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही हे शहरातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. कपबशी, छत्री, नारळ असली चिन्हं आणि गावातल्या दोन-तीन गटांची पॅनेलं. पॅनेलच्या नावात ग्रामदैवत किंवा 'परिवर्तन' हा शब्द हवाच. कोण कुठल्या आमदाराचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि निकालाच्या संध्याकाळी सगळ्या पक्षांचे प्रवक्ते टीव्हीवर 'इतक्या ग्रामपंचायती आमच्या' म्हणून आकडे फेकतात. सगळ्यांचे आकडे बेरजेला घेतले तर राज्यात आहेत त्याहून जास्त ग्रामपंचायती निघतील.

पण गावात एक फरक पडतो आणि तो मी पाहिलाय. एकाच पक्षाचे दोन गट समोरासमोर लढतात आणि आमदाराला दोन्हीकडे हसत फिरावं लागतं. पक्षचिन्ह असतं तर त्यातल्या एका गटाचं तिकीट तालुक्यालाच कापलं गेलं असतं आणि गावाला निवडायला काही उरलं नसतं. मिशिगनकाठी सांगतायत ते व्हॅलस-जॉन्सन प्रकरण मला याच जातीचं वाटतं.

बाकी उमराण्यासारख्या गावांनी सरपंचपदाचा लिलावच मांडला होता आणि निवडणूक आयोगाला २०२१ ला निवडणूक रद्द करावी लागली. पक्ष नाही म्हणजे सगळं सोवळं, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

जुनाजाणता

मिशिगनकाठी, तुम्ही १९८३ चा नुसता उल्लेख करून पुढे गेलात, आणि सगळी गोम तिथेच आहे. मी तेव्हा तिथे होतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी १९७९. जानेवारीत असा हिमवर्षाव झाला की शहर ठप्प. महापौर बिलांडिक यांना रस्ते साफ करता येईनात. त्यात आणखी, एल गाड्या (शहरातली उन्नत रेल्वे) कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या स्थानकांवर न थांबता सरळ डाउनटाउनला जायला लागल्या. लोक फलाटावर उणे तापमानात उभे आणि गाडी समोरून निघून जाते. महिन्याभराने डेमोक्रॅट पक्षाची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) होती, त्यात जेन बर्न या बाईंनी बिलांडिकना पाडलं. तेव्हापासून शिकागोचा प्रत्येक महापौर बर्फाला विरोधी पक्षापेक्षा जास्त घाबरतो.

त्या काळी निवडणूक पक्षावर व्हायची. डेमोक्रॅटची प्राथमिक फेरी जिंकली की झालात महापौर, एप्रिलची निवडणूक नावापुरती. १९८३ च्या प्राथमिक फेरीत बर्नबाई, जुने महापौर डेली यांचा मुलगा रिचर्ड एम. डेली आणि हॅरल्ड वॉशिंग्टन. गोऱ्यांची मतं बर्न आणि डेलीत वाटली गेली आणि वॉशिंग्टन ३६ टक्क्यांच्या आसपास मतांवर उमेदवारी जिंकले. शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर होणार हे दिसू लागलं आणि मग काय विचारता! जन्मभर डेमोक्रॅटला मत देणारे वॉर्ड रातोरात रिपब्लिकन झाले. एप्टन नावाचे एक रिपब्लिकन होते, एरवी त्यांना कुत्रं विचारलं नसतं. त्यांच्या जाहिरातीचं घोषवाक्य होतं 'फार उशीर होण्याआधी'. कशाला उशीर, हे सांगायची गरज नव्हती. वॉशिंग्टन जिंकले, तेही जेमतेम ५२-४८ नी. तेव्हा पक्षाचं नाव ठसठशीत छापलेलं होतं बरं का, आणि तरीही लोकांनी कातडीचा रंग बघूनच मत दिलं.

पुढची तीन वर्षं नगरसभेत युद्ध. ५० पैकी २९ सदस्य व्र्डॉलियाक यांच्या गोटात, २१ महापौरांच्या. महापौरांनी नेमणूक पाठवायची आणि २९ जणांनी अडवायची. १९८६ ला काही वॉर्डांच्या फेरनिवडणुका झाल्या, २५-२५ झालं आणि महापौरांच्या निर्णायक मतावर गाडं हललं. १९८७ ला ते पुन्हा निवडून आले आणि नोव्हेंबरमध्ये ऑफिसातच हृदयविकाराने गेले. त्यांच्या अंत्यदर्शनाची सिटी हॉलबाहेरची रांग मी पाहिली आहे.

आता मुद्दा. १९९५ ला स्प्रिंगफिल्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे होती, तेव्हा हा पक्षाविना निवडणुकीचा आणि दोन फेऱ्यांचा कायदा झाला. पहिली निवडणूक १९९९ ला. कृष्णवर्णीय नेत्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे १९८३ पुन्हा होऊ नये म्हणून चाललंय. मतं वाटली जाऊन कोणी एकजण ३६ टक्क्यांवर आत शिरू नये, यासाठी पन्नास टक्क्यांची अट. तेव्हा तुम्ही जिला मोलाची म्हणता, ती अट कुठून आली तेही लक्षात ठेवा.

मिशिगनकाठी

काका, फार सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. ज्यासाठी कायदा केला असं म्हणतात, त्याचं उलटंच झालं. २०१९ च्या दुसऱ्या फेरीत समोरासमोर दोन कृष्णवर्णीय बायका होत्या. २०२३ ला कृष्णवर्णीय जॉन्सन जिंकले, तेही पहिल्या फेरीत दुसरे येऊन. फक्त पहिल्या फेरीवर निकाल लागला असता तर आज व्हॅलस महापौर असते. कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं की दुसऱ्या फेरीत गोरी मतं एकत्र येतील. झालं असं की जॉन्सनना दक्षिण आणि पश्चिमेकडच्या कृष्णवर्णीय वॉर्डांबरोबर उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या तरुण, सुशिक्षित गोऱ्यांनीही मत दिलं. वायव्य आणि नैर्ऋत्येकडचे वॉर्ड, जिथे पोलीस आणि फायरब्रिगेडवाले राहतात, ते व्हॅलसकडे.

आडगावची

जुनाजाणता काका, २९ विरुद्ध २१ वाचून हसू आलं. थेट जनतेतून सरपंच आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं! सरपंच ठराव मांडतो, सदस्य पाडतात, ग्रामसेवक दोघांच्या शिव्या खातो. २०१७ ला थेट सरपंच आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. नगराध्यक्षांचंही तसंच. ज्या सरकारला जे सोयीचं.

शंकासुर

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. फेब्रुवारीत, बर्फात, नऊ नावं समोर. बहुतेक लोकांना त्यातली दोन-तीनच माहीत. पक्षाचं नाव हा सामान्य माणसाला मिळणारा एकमेव फुकटचा सल्ला असतो, तोही काढून घेतला. मग तो आडनाव बघणार, रंग बघणार, नाहीतर घरीच बसणार. २०२३ ला दोन्ही फेऱ्यांत चाळीस टक्केसुद्धा मतदान झालं नाही. अध्यक्षीय निवडणुकीला तेच शहर सत्तर टक्क्यांच्या आसपास जातं. जे येतात ते कोण? युनियनचे लोक, घरमालक, म्हातारे. म्हणजे पक्ष काढला आणि संघटितांच्या हातात शहर दिलं. हे मला तरी सुधारणेपेक्षा पळवाट वाटतं.

वर्तमानपत्रांचा आधार असायचा, तोही चालला. ट्रिब्यूनने व्हॅलसना पाठिंबा दिला, पण सन-टाइम्स सार्वजनिक रेडिओबरोबर ना-नफा संस्थेत गेल्यापासून कुणालाच पाठिंबा देत नाही.

बे_एरियातला

शंकासुरांचा अर्धा मुद्दा तारखेचा आहे, पक्षाचा नाही. लॉस एंजेलिसने महापौराची निवडणूक सम वर्षातल्या नोव्हेंबरला नेली. २०२२ ला कॅरन बास विरुद्ध रिक कारुसो. कारुसो मॉलवाले अब्जाधीश, पूर्वी रिपब्लिकन, निवडणुकीच्या तोंडावर डेमोक्रॅट झाले आणि १० कोटी डॉलरहून जास्त उडवले. तरी बास सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या. नोव्हेंबरला सगळे मतदार येतात तेव्हा नुसत्या पैशाने भागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोनेही आता महापौराची निवडणूक अध्यक्षीय वर्षात नेली आहे, २०२४ पासून.

आणि दुसऱ्या फेरीचा खर्च वाचवायला आमच्याकडे पसंतीक्रम आहे. पुण्यात पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना सांगायला नको, नावापुढे १, २, ३ लिहायचं. ओकलंडला २०१० ला डॉन पेराटा पहिल्या पसंतीत पुष्कळ पुढे होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या मतांवर जीन क्वान महापौर झाल्या. क्वानबाई इतर उमेदवारांच्या समर्थकांना उघड सांगत फिरल्या की तुमचं पहिलं मत त्यांना द्या, दुसरं मला द्या. प्रचारात शिवीगाळ कमी होते ती यामुळे. २०२२ ला शेंग थाओ तर फक्त ६७७ मतांनी आल्या आणि दोन वर्षांनी लोकांनी मतदान करून त्यांना मुदतीआधीच पदावरून काढलं. म्हणजे पद्धत कोणतीही आणा, ओकलंड ते ओकलंडच.

टेक्सासमामा

शंकासुर, पक्षाच्या नावाला तुम्ही फुकटचा सल्ला म्हणालात. खड्डे, कचरा, पाणी यात तो सल्ला काय कामाचा? आमच्याकडे तर महापौराला नगरसभेतल्या पंधरा मतांपैकी एकच मत. कारभार बघतो तो सिटी मॅनेजर, नगरसभेने पगारावर नेमलेला. आपल्या महानगरपालिकेत महापौर शाल-श्रीफळापुरते आणि सही आयुक्तांची, तसलाच प्रकार. फरक इतकाच की आपला आयुक्त मंत्रालयातून येतो आणि यांचा मॅनेजर नगरसभा काढू शकते.

शंकासुर

डॅलसचं तसं असेल. शिकागोचा महापौर शाल-श्रीफळवाला नाही. पोलीस, बस-रेल्वेचं मंडळ, सगळीकडे त्याची माणसं. शाळांचं अख्खं मंडळही २०२४ पर्यंत तोच नेमायचा. तिजोरीवर तीस अब्ज डॉलरहून जास्त पेन्शनची थकबाकी. कर वाढवायचा की नोकर कमी करायचे, हा प्रश्न खड्ड्यांचा नाही, विचारसरणीचा आहे. विचारसरणीचं नाव छापायला लाज का वाटावी?

मिशिगनकाठी

कारण शिकागोत ते नाव छापलं तर नऊपैकी जवळजवळ सगळ्यांपुढे एकच शब्द येईल. किंवा जुन्या पद्धतीने प्राथमिक फेरीतच निकाल लागेल, तोही तीसेक टक्क्यांवर. तुमचा सल्ला सिनसिनाटीत चालेल फार तर. तिथे मतपत्रिकेवर पक्ष नाही, तरी २०२५ ला अफताब पुरेवाल यांच्यासमोर उपाध्यक्ष व्हान्स यांचे सावत्र भाऊ कोरी बोमन उभे होते आणि कोण कुणाचा हे सगळ्या शहराला माहीत होतं. पुरेवाल यांचे वडील पंजाबी आणि आई तिबेटी निर्वासित. ते प्रचंड फरकाने जिंकले.

फेब्रुवारीच्या तारखेबद्दल मात्र शंकासुरांशी शंभर टक्के सहमत. ती तारीख ज्यांच्या सोयीची आहे, तेच ती बदलू देत नाहीत.

भाजणी

सगळं वाचतेय, मजा येतेय. पण इथल्या निम्म्या लोकांसारखी मीही एच-वन वरची. मालमत्ता कर भरतो, मुलगी शिकागोच्या पब्लिक स्कूलमध्ये जाते आणि मत शून्य. आमच्यासारख्यांनी या चर्चेचं काय करायचं?

जुनाजाणता

भाजणीताई, महापौरासाठी नागरिकत्व लागतंच. पण तुमच्या मुलीच्या शाळेची लोकल स्कूल कौन्सिल असेल. तिच्या निवडणुकीत पालकांना मत आहे आणि नागरिक असण्याची अट नाही. ही हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या काळात सुरू झालेल्या शाळा-सुधारणेची देणगी, कायदा १९८८ चा. सहा जागा पालकांच्याच. मुख्याध्यापक कोण असावा आणि शाळेचा पैसा कुठे जावा, हे ती कौन्सिल ठरवते. नुसतं मत काय, उभंही राहता येतं.

भाजणी

हे मला इतक्या वर्षांत कोणीच सांगितलं नाही! पटेल ग्रोसरीच्या रांगेत सगळे फक्त ग्रीन कार्डच्या तारखाच सांगतात. उभं राहायला साडेबारा हजार सह्या लागत नाहीत ना?

जुनाजाणता

नाही हो. अर्ज भरा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या. बऱ्याच शाळांत जागा आहेत तितकेसुद्धा उमेदवार मिळत नाहीत. शाळेच्या ऑफिसात विचारा, एप्रिलच्या आसपास निवडणूक असते, सम वर्षांत.

आडगावची

उभ्या राहिलात तर पॅनेलचं नाव आम्ही सुचवू. 'परिवर्तन' शब्द हवा.

शंकासुर

आणि पक्षाचं नाव छापा.